शारजातली ओम्स्कची खोली

गुणवंत सरफऱ्यांनी चीनच्या कारखान्याला सोळा इंची पंख्यांची ऑर्डर फॅक्सने पाठवली होती. फॅक्समधला एकचा आकडा वाटेत कुठेतरी पुसट झाला, आणि १९९७च्या ऑक्टोबरात शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्यांच्या गोदामासमोर जो कंटेनर उघडला, त्यातून सहा इंची पंखे निघाले. तीन हजार.

गुणवंतांनी पहिला खोका फोडला, पंखा तळहातावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा मोठा कधी होणार?" त्यांनी विचारलं.

माल उतरवायला आलेला बाबाजी हसायला लागला आणि मग शेठचा चेहरा बघून थांबला. बाबाजी कणकवलीकडचा. एका साइटवर प्लंबर होता आणि शुक्रवारच्या सुट्टीत सरफऱ्यांकडे हातभार लावायला यायचा.

पंखा तसा गोड होता. निळी पाती, मान पार आभाळाकडे वळायची, दोन स्पीड, आवाज जवळजवळ नाहीच. पण शारजात ज्याच्या त्याच्या घरात एसी, आणि ज्याच्या घरात एसी नाही त्याला छताचा मोठा पंखा हवा. त्यात भर म्हणजे प्लगला दोन गोल पिना. इथल्या तीन पिनांच्या सॉकेटात तो जायचाच नाही. महिनाभर गुणवंत दुकानोदुकानी फिरले. दुबईच्या देरा बाजारातल्या एका दुकानदाराने पंखा कानाजवळ धरून विचारलं, "हबीबी, ये खिलौना है क्या?" त्यानंतर त्यांनी फिरणं सोडलं.

त्यांची बायको सुलभा शारजाच्या रोला चौकाजवळच्या एका इंडियन शाळेत विज्ञान शिकवायची. आधी आठ वर्षं चिपळूणला शिकवलं होतं. नवरा हिरमुसला की ती त्याला समजावायची नाही, जेवायला वाढायची. त्या गुरुवारीही ती शाळा सुटल्यावर डबा घेऊन गोदामात गेली, तेव्हा तिथे गालिना आलेली होती.

त्या काळात रशियातून बायका भरभरून यायच्या. विमानाने उतरायच्या, चार दिवसांत चादरी, बूट, थर्मास असं माणसाएवढ्या गाठोड्यांत बांधायच्या आणि तिकडे नेऊन विकायच्या. गालिना त्यांतलीच. सायबेरियातल्या ओम्स्क शहराची. उंच, खांद्याने रुंद, इंग्रजी तोडकंमोडकं पण आवाज खणखणीत. दोन वर्षं ती सरफऱ्यांकडून थर्मास नेत होती. आज तिला पंख्यांची चळत दिसली, आणि ती हसत सुटली. हसता हसता खोक्यावर बसली, खोका दबला, तरी हसतच राहिली.

"पंखा? ओम्स्क? उणे तीस!" तिने डोळे पुसले. "आमच्याकडे रेडिएटर असून खोली थंड. रेडिएटर इतका गरम, हात लावला की भाजतो. पण पाय थंड, नाक थंड. फक्त छताजवळ गरम. छतावर माशी असती, तर तिला घाम आला असता!"

गुणवंत सुलभाच्या कानाशी म्हणाले, "तिच्या गाडीबद्दल बोलतेय बहुतेक. रेडिएटर गरम होतोय."

"गाडीला छतावर माशी कशाला लागेल?" सुलभा म्हणाली आणि तिने गालिनाच्या हातात खडू दिला. "काढून दाखवा."

गालिनाने खोक्यावरच चित्र काढलं. खिडकी. खिडकीखाली भिंतीला लावलेले ओतीव लोखंडाचे जाड उभे कप्पे. शहराच्या मोठ्या बॉयलरमधून गरम पाणी येतं आणि या कप्प्यांतून फिरतं, तोच रेडिएटर. त्याच्यासमोर जमिनीपर्यंत आलेला पडदा. पडद्यासमोर सोफा. सोफ्यावर सासू.

सुलभाने चित्राकडे पाहिलं, आणि तिच्या अंगात तास सुरू झाल्याची घंटा वाजली. तिने खडू काढून घेतला.

"हे बघा. हवा इथे तापली. तापली की हलकी झाली. पडद्यामागून सरळ वर गेली आणि छताला जाऊन बसली. थंड हवा जड, ती खाली पायाशी. तुमच्या घरात ऊब कमी नाहीये, गालिना. ती फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेलीय. तिला खाली बोलवायचं."

"कोण बोलवणार?"

सुलभाने एक पंखा उचलला, त्याची मान वर वळवली आणि रेडिएटरच्या चित्राखाली ठेवला. "हा."

गालिनाचं हसू थांबलं. ती पंख्याकडे बघायला लागली. मग सुलभाकडे.

"तू ओम्स्क पाहिलंस?"

"नाही."

"थंडी पाहिलीस?"

"पाचगणीला. शाळेच्या सहलीत."

"किती उणे?"

सुलभाने खडू खाली ठेवला. गालिनाने प्लगच्या दोन गोल पिना चाचपल्या. "आमच्या भिंतीत बसतो हा," ती पुटपुटली. मग म्हणाली, "माझं विमान सोमवारी. मला दाखव. चित्र नको. माझ्या पायांना कळलं पाहिजे."

"दाखवते," सुलभा म्हणाली.

गालिना गेल्यावर गुणवंतांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "बाहेर बत्तीस डिग्री आहे, सुलभा. शारजात थंडी कुठून आणणार तू?"

"अजीजभाईंकडून."

अजीज दाभोळचा. तीन प्लॉट सोडून एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथे तो फोरमन. त्याची बायको ताजबी आणि सुलभा मिळून आठवड्याची भाजी आणायच्या, त्यामुळे घरोबा होता. सुलभाने त्याला सगळं समजावून सांगितलं. अजीज कान खाजवत ऐकत राहिला.

"भाभी, बारा वर्षं मी इथली थंडी सांभाळतोय. ती घालवायला म्हणून कोणी आलं नव्हतं आजपर्यंत."

"तासाभराचं काम आहे. एखादी खोली रिकामी नाही का?"

"तीन नंबर. सफरचंदं कालच गेली, गाजरं रविवारी येतील." तो आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी या. मॅनेजर विजयकुमारसाहेब शुक्रवारी बॅडमिंटन खेळतात. त्यांना नाही कळलं म्हणजे झालं."

रेडिएटर बाबाजीने आणला. एका जुन्या जहाजाच्या भंगारात सापडला. सात कप्प्यांचा, हिरव्या रंगाचा, चार माणसांनी उचलावा एवढा. "साठ दिरहम, वहिनी. म्हणजे सहाशे रुपये!" त्याला ते लोखंड आता दागिन्यासारखं वाटायला लागलं होतं. "आत एवढा गंज होता, पाणी ओतलं तर चहा बाहेर आला. नऊ वेळा धुतलाय." साइटवर पडलेला एक गीझर, एक लहान पंप आणि पाइपांचं भेंडोळंही तो घेऊन आला. गीझर बाहेरच्या पॅसेजमध्ये, पाइप मोरीच्या भोकातून आत, रेडिएटर तीन नंबरच्या भिंतीला. तासाभरात पाणी फिरायला लागलं, आणि बाबाजीने रेडिएटरला हात लावून असा काही आनंदाचा आवाज काढला की हमाल धावत आले.

खोलीत चार डिग्री होते. अजीजकडे जाड जॅकेटं दोनच, ती त्याने सुलभाला आणि बाबाजीला दिली. गुणवंतांनी लग्नातला सूट चढवला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. सुलभाने साडीखाली नवऱ्याचे फुटबॉलचे मोजे घातले होते. या सगळ्या तयारीत गालिना आली ती बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, कारण बाहेर ऊन होतं. ती तशीच आत शिरली, तिने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "आहा! वसंत ऋतू!"

गुणवंतांचे दात वाजत होते.

सुलभाने शाळेतून तीन थर्मामीटर आणले होते. एक छताजवळ, एक खुर्चीच्या पाठीला, एक जमिनीलगत. पडदा म्हणून चादर टांगली, सोफा म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या. अजीजने थंड हवेचं मशीन बंद केलं. त्याचा घोंघाट थांबला आणि खोली एकदम शांत झाली. गालिना खुर्चीवर बसली, बाकीचे भिंतीला लागून उभे राहिले आणि वीस मिनिटं सगळ्यांनी नुसती वाट पाहिली.

सुलभा स्टुलावर चढली. "वर सतरा." मग वाकली. "खाली सहा."

"बरोब्बर माझं घर!" गालिना खूश झाली. "फक्त सासू कमी."

"आता पंखा!" गुणवंत म्हणाले. वीस वर्षांच्या धंद्याची सवय. त्यांनी पंखा उचलला, गिऱ्हाइकाच्या समोर ठेवला, तोंड गिऱ्हाइकाकडे केलं, मोठा स्पीड दाबला आणि अदबीने मागे सरले.

सहा डिग्रीचा वारा सरळ गालिनाच्या तोंडावर बसला. तिचे केस उभे राहिले.

"न्येत!" ती ओरडली. "न्येत, न्येत, न्येत!" ती उठलीच. पर्स उचलून दाराकडे निघाली.

"अहो!" सुलभाने कपाळाला हात लावला. "गिऱ्हाइकाला नाही वारा घालायचा! रेडिएटरला घालायचा!"

"रेडिएटर कुठे पैसे देणार आहे?" गुणवंत हतबुद्ध होऊन म्हणाले.

सुलभाने गालिनाला दंडाला धरून परत आणलं. शाळेतून पळून जाणाऱ्या मुलांना ती जशी आणायची तशीच. मग तिने चादर उचलून रेडिएटरच्या मागे खोचली. दोन पंखे घेतले, रेडिएटरखाली जमिनीवर ठेवले, माना वर वळवल्या, स्पीड लहान केला. पाती फिरायला लागली. आवाज नाही, वारा नाही, काहीच नाही.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. बाबाजी पंख्यांसमोर उकिडवा बसून त्यांना हळूच म्हणत होता, "चला रे पोरांनो. चला."

मग जुन्या लोखंडाचा तापलेला वास खोलीभर पसरला.

"आठ," सुलभा म्हणाली. थोड्या वेळाने, "नऊ." मग जमिनीशी आडवी होत, आवाज चढवून, "अकरा! अहो, अकरा!"

"वर किती?" अजीजने विचारलं. आता त्यालाही राहवत नव्हतं. तो स्वतःच स्टुलावर चढला. "वर पंधरा! वरची कमी झाली, भाभी! खाली उतरली!"

गालिनाने एक बूट काढला. मग दुसरा. पाय जमिनीवर टेकवले. सगळे तिच्या पायांकडे बघत राहिले. एक अंगठा हलला. मग दहाही बोटं हलायला लागली, हार्मोनियमवर चालावीत तशी.

"हराशो," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा बघूनच कळलं की याचा अर्थ चांगलं.

आणि तेवढ्यात घंटा वाजली.

साधी घंटा नव्हे. दारावर लाल दिवा फिरायला लागला आणि सायरनसारखं काहीतरी कोकलायला लागलं. बाबाजी "गीझर फुटला!" म्हणत पॅसेजमध्ये पळाला. गुणवंतांनी पंखा छातीशी धरला. अजीज मात्र स्टुलावरच पुतळा झाला होता.

"मशीन बंद केलं," तो म्हणाला, "पण अलार्म बंद करायचा राहिला!"

"काय झालं? आग?" गालिनाने विचारलं.

"आग नाही. अलार्म आहे. खोली..." अजीजने फिरत्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "खोली जास्त गरम झाली की वाजतो."

गालिनाने हे ऐकलं. तिला समजायला क्षणभर लागला. मग ती जी हसली, ती सायरनपेक्षा मोठ्याने. तिने स्टुलावरच्या अजीजला कमरेला मिठी मारून खाली उतरवलं.

"मशीन सांगते गरम!" ती ओरडली. "मशीन खोटं बोलत नाही! मशीन सेल्समन नाही!"

अलार्म बंद करायची किल्ली विजयकुमारसाहेबांकडे होती, त्यामुळे तो वाजतच राहिला. आणि त्याला एक ठेका होता. गालिना अनवाणी त्या ठेक्यावर पावलं टाकायला लागली. तिने सुलभाचे दोन्ही हात धरले. सुलभा आधी नको नको म्हणाली आणि मग फुटबॉलच्या मोज्यांनिशी अशी फुगडी घातली, जशी चिपळूण सोडल्यापासून घातली नव्हती. हमाल टाळ्या वाजवत होते. गुणवंत सुटात आणि टॉवेलात मधोमध उभे राहून, पंखा डोक्यावर धरून गोल गोल फिरत होते. त्यांना महिनाभरात पहिल्यांदाच ऊब लागत होती.

दार उघडलं. दारात विजयकुमारसाहेब उभे होते. पांढरी हाफ पँट, हातात रॅकेट, कमरेचा पेजर अजून किंचाळतोय.

"ये क्या है?"

सगळे जिथल्या तिथे थांबले. फक्त सायरन चालू होता.

"टेस्टिंग, सर," अजीज म्हणाला.

"किस चीज का टेस्टिंग?"

अजीजने खूप विचार केला. "थंडी का, सर."

साहेबांनी किल्ली फिरवली. सायरन बंद झाला. मग त्यांनी सुरू केलं. ही काय धर्मशाळा आहे का, गाजरवाल्याला कळलं तर काय, अजीजला बारा वर्षं झाली तरी अक्कल कशी आली नाही. "खलास! सब बाहर निकालो! यल्ला!" बोलता बोलता ते येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या उघड्या पायांना गार लागत होतं. प्रत्येक फेरीत ते रेडिएटरच्या थोडे जवळ जात होते. शेवटी ते त्याच्यासमोर उभे राहिले. बोलणं मंदावलं. त्यांनी खाली पाहिलं.

"पंखा इधर किसने रखा?"

"मैंने," सुलभा म्हणाली.

"गलत रखा." त्यांनी रॅकेट बाबाजीच्या हातात दिली आणि गुडघ्यांवर बसले. "दोनो बीच में क्यूँ? एक इस कोने में, एक उस कोने में. और दीवार पर फॉइल लगाओ, चमकवाला. पूरी गर्मी दीवार खा रही है."

"फॉइल का मैं बोलनेवाली थी," सुलभा म्हणाली, "लेकिन पंखा बीच में ही ठीक है."

"मॅडम, मैं पच्चीस साल से रेफ्रिजरेशन में हूँ."

"मग पंचवीस वर्षं उष्णता बाहेर फेकताय! मी ती आत ठेवायचं बोलतेय!" चिडली की तिची हिंदी संपायची.

त्यांचा वाद दहा मिनिटं चालला. दोन्ही पद्धतींनी पंखे ठेवून पाहिले. साहेब थर्मामीटर वाचत होते, गालिना पायांनी निकाल देत होती. कोपऱ्यातले पंखे अर्ध्या डिग्रीने जिंकले. विजयकुमारसाहेबांनी मुठी आवळून "येस!" म्हटलं आणि मग त्यांना आठवलं की आपण रागावलेलो आहोत. त्यांनी अजीजला तीन नंबर खोली दोनदा धुवायची शिक्षा दिली. ती सगळ्यांनी मिळून धुतली. गालिनानेसुद्धा, फ्रॉक गुडघ्यांपर्यंत खोचून.

सोमवारी ती साठ पंखे घेऊन गेली. "आधी माझी खोली. मग बाकीचं," एवढंच म्हणाली.

डिसेंबर गेला. गुणवंत रोज पेपरात जगाचं हवामान बघायचे. ओम्स्क त्यात नसायचं, म्हणून मॉस्को बघायचे. मॉस्कोत उणे पाच दिसलं की नाराज व्हायचे. "एवढ्यात काय होणार? अजून पडायला पाहिजे."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला. त्यांच्या मुलीने, शिवानीने, उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला.

"आई, सम लेडी इज शाउटिंग. आय थिंक शी इज हॅपी."

सुलभाने आमटीच्या हातानेच रिसीव्हर घेतला. तिकडून एकाच वेळी पाच-सहा बायका बोलत होत्या. मग गालिनाचा आवाज वर आला.

"उणे एकोणतीस! आणि मी फ्रॉकमध्ये! ऐकतेस? फुलांचा फ्रॉक!"

तिने धापा टाकत सांगितलं. फॉइल लावलं, पंखे कोपऱ्यात ठेवले, पडदा मागे घेतला. पहिल्या दिवशी सासू म्हणाली, सून वेडी झाली, हिवाळ्यात पंखा लावते. दुसऱ्या दिवशी सासूने शाल काढली. तिसऱ्या दिवशी तिने दुसरा पंखा स्वतःच्या खोलीत नेला आणि आतून कडी लावली. मग जिन्यातल्या सगळ्या बायका यायला लागल्या. आता एकही पंखा उरलेला नाही, आणि शेजारच्या इमारतीतली बाई रोज दार वाजवते.

"किती पाठवू?" सुलभाने विचारलं. गुणवंत तिच्या खांद्यावरून फोनला कान लावायला धडपडत होते.

"सगळे!"

गुणवंतांनी शिवानीला उचललं आणि हॉलभर नाचवलं. "बाबा, पुट मी डाउन! आय ॲम ट्वेल्व!" ती ओरडत होती, पण हसतही होती.

पुढचा आठवडा खोक्यांवर चित्रं चिकटवण्यात गेला. सुलभाने कागदावर चित्र काढलं. रेडिएटर, त्याच्याखाली दोन कोपऱ्यांत दोन पंखे, माना वर, बाणांनी हवेची वाट. त्याच्याशेजारी दुसरं चित्र, पंखा एका बाईच्या तोंडावर, तिचे केस उभे, आणि त्यावर मोठी फुली. गालिनाने फॅक्सवरून रशियन शब्द पाठवले. झेरॉक्सवाल्याने विचारलं, या चित्रातली बाई कोण? गुणवंत म्हणाले, "आमच्या मोठ्या कस्टमर."

शारजा विमानतळावरून रशियाला मालाची विमानं जायची. दुपारच्या विमानात खोके चढले. आतपर्यंत कोणाला जाता येईना, म्हणून सगळे कुंपणाबाहेरच्या रस्त्याकडेला पिकअप लावून उभे राहिले. सरफरे कुटुंब, बाबाजी, अजीज आणि ताजबी. ताजबीने सांदणं करून आणली होती, तांदळाची, वाफाळती, नारळाच्या रसात बुडवून खायची. विजयकुमारसाहेब म्हणाले होते, मला अशा गोष्टींना वेळ नसतो. ते दहा मिनिटं आधीच येऊन थांबले होते.

पोट सुटलेलं ते जाडजूड विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि असा काही आवाज करत सुटलं की ताजबीने डब्यावर झाकण दाबलं. चाकं जमिनीवरून सुटली. गुणवंत दोन्ही हात हलवत कुंपणाच्या कडेने पळत सुटले. सांदणाचा रस कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"शेठ!" बाबाजी त्यांच्यामागून पळत ओरडला. "तिथं माल उतरवायला कोण आहे?"

"गालिना!"

"एकटीच?"

"तिला एकटी म्हणू नकोस!" गुणवंत ओरडले. पुढचं विमानाच्या आवाजात गेलं, पण गालिनाने अजीजला स्टुलावरून उचललं होतं, तसे ते हात करून दाखवत होते, आणि ते बघून सुलभा इतकी हसली की तिला पिकअपला धरून उभं राहावं लागलं.